विषाणूचा ताप आणि दुभत्या गाईचं दूध: लाळ्या-खुरकूत, लम्पी, तिवा यांत काय करायचं, केव्हा करायचं

दूध अचानक कमी भरलं की पहिला संशय पेंडीवर जातो. पोतं बदललं का, सरकीत भेसळ आली का, कडबा काळा पडलाय का. दुसरा संशय धार काढणाऱ्यावर. या दोन्ही चौकशा होईपर्यंत दोन दिवस जातात आणि तिसऱ्या दिवशी गाय लाळ गाळायला लागते. विषाणू अंगात शिरला की गाईचं जे आधी बिघडतं ते दूध. लाळ, गाठी, लंगडणं हे बऱ्याचदा त्यानंतर एखाद-दोन दिवसांनी दिसतं.

विषाणूला मारणारं औषध गोठ्यात चालत नाही. लम्पीला नाही, लाळ्या-खुरकुताला नाही, तिव्यालाही नाही. पण गाय उठल्यावर दूध किती परत येईल हे बऱ्याच अंशी आजारपणातल्या देखभालीवर ठरतं, आणि त्यातलाही मोठा भाग पहिल्या दहा दिवसांत कास कशी सांभाळली यावर. म्हणून हा लेख औषधांच्या नावांपेक्षा दावणीच्या कामांवर जास्त आहे.

दूध नेमकं कुठे अडतं

एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून साधारण 400 ते 500 लिटर रक्त फिरावं लागतं. दुधाचं माप ठरतं ते लॅक्टोजवर, म्हणजे दुधातल्या साखरेवर. जेवढी ही साखर तयार होते तेवढंच पाणी कासेत ओढलं जातं. ती बनायला ग्लुकोज लागतं, आणि गाईला ग्लुकोज थेट चाऱ्यातून मिळत नाही. कोठीपोटातले, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातले जंतू चारा आंबवतात, त्यातून निघालेल्या आम्लापासून यकृत ग्लुकोज तयार करतं. आता ताप 105 वर गेला, गाईनं तोंड फिरवलं, रवंथ थांबलं, की ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. जे थोडं ग्लुकोज उरतं ते विषाणूशी झुंजणाऱ्या पेशी आधी उचलतात. कासेच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. तोंडात फोड, खुरात जखम, सडावर खपली अशा अवस्थेत गाय वेदनेनं ताठरलेली असते. अशा गाईला पान्हा फुटत नाही, कारण वेदना आणि भीती पान्हा सोडणाऱ्या संप्रेरकाला रोखतात. दूध कासेत असूनही सडात उतरत नाही. मग आपण म्हणतो, आटली.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत महागाची. कासेत दूध तुंबून राहिलं की दूध करणाऱ्या पेशी काम आवरतं घेतात. तुंबलेल्या दुधात जिवाणू वाढले तर कासदाह होतो, ज्याला आपण दगडी म्हणतो. लाळ्या-खुरकुताचा विषाणू तर थेट कासेच्या पेशींतही वाढतो. तापामुळे गेलेलं दूध परत येतं. दगडीनं गेलेला सड बऱ्याचदा परत येत नाही.

हिशेब मांडून बघू. समजा गाय वेताच्या तिसऱ्या महिन्यात रोज 12 लिटर देत होती. आजाराचे 10 दिवस सरासरी 5 लिटर दिलं, म्हणजे 70 लिटर बुडाले. 30 रुपये भाव धरला तर 2,100 रुपये. आता ती बरी झाली, पण एक सड बसला आणि रोजचं दूध असायला हवं त्यापेक्षा 3 लिटर कमीच राहिलं. पुढच्या 150 दिवसांत 450 लिटर, म्हणजे 13,500 रुपये. आजारपणातलं नुकसान डोळ्यांना दिसतं म्हणून आपण त्यावर हळहळतो. खरं नुकसान नंतरच्या पाच महिन्यांत हळूहळू होतं.

पहिलं काम: वही आणि थर्मामीटर

प्रत्येक गाईचं सकाळ-संध्याकाळचं दूध वेगळं लिहा. डेअरीच्या पावतीवर सगळ्या गोठ्याचं एकत्र माप असतं, त्यात एका गाईची घट लपते. पावतीवरच्या फॅटवरही विसंबू नका. दूध घटलं की फॅटचा आकडा कधीकधी वर जातो आणि माणूस खूश होतो.

नियम साधा ठेवा: एखाद्या गाईचं दूध एका वेळेला नेहमीपेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त घटलं, तर पेंडीचं पोतं उघडण्याआधी ताप बघा. थर्मामीटर गुदद्वारात आतल्या भिंतीला टेकवून दोन मिनिटं धरायचा. गाईचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं. 103 च्या वर असेल तर ती गाय त्याच क्षणी दावणीवरून सोडून वेगळी बांधा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी संकरित गाईचं तापमान उन्हानंही चढतं, म्हणून पहाटेचा आकडा खरा माना.

दुसरं काम: ताप कशाचा, हे ओळखणं

लाळ्या-खुरकुतात तोंडातून दोरीसारखी लाळ लोंबते, गाय मचमच आवाज करते, जिभेवर आणि हिरड्यांवर फोड येऊन फुटतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात. चार-पाच दिवसांत शेजारच्या तीन-चार जनावरांना लागण दिसते. सडांवरही फोड येऊ शकतात. एक गोष्ट गाठ मारून ठेवा: या रोगाची लक्षणं दिसायच्या आधीच विषाणू दुधात उतरायला लागतो. त्यामुळे लहान वासराला त्या गाईचं कच्चं दूध पाजू नका. कोवळ्या वासरांत हा विषाणू हृदयावर जातो आणि तोंडात एकही फोड नसताना वासरू पटकन दगावतं. वासरू वेगळं काढा, निरोगी गाईचं दूध उकळून कोमट करून द्या.

लम्पीत ताप, डोळ्या-नाकातून पाणी, खांद्यापुढची गाठ सुजणं, मग अंगभर दोन ते पाच सेंटिमीटरच्या घट्ट गाठी. पायांना आणि गळ्याखालच्या पोळीला सूज येते. हा रोग देशात 2019 मध्ये ओडिशात पहिल्यांदा नोंदला गेला आणि 2022 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर पसरला. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड तो नेतात. माणसाला तो होत नाही.

तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप, पावसाळ्यात आणि त्यानंतर थंडी पडेपर्यंत दिसतो. सकाळी चांगली असलेली गाय संध्याकाळी 105-106 तापानं थरथरते, आज पुढचा पाय आखडतो, उद्या मागचा. दूध एका दिवसात निम्म्याच्या खाली येतं. हा रोग तीन दिवसांत जातो म्हणून लोक त्याला हलकं घेतात. पण वेताच्या शेवटी-शेवटी असलेल्या गाईचं दूध तिव्यानंतर त्या वेतात पूर्ववत येईलच असं नाही, आणि शेवटच्या महिन्यांतली गाभण गाय गाभडू शकते.

फक्त सडांवर पुरळ, फोड, खपल्या असतील आणि ताप फारसा नसेल तर देवीच्या जातीचा विषाणू असू शकतो. म्हशींमध्येही दिसतो. धार काढणाऱ्याच्या हातावर तसेच फोड येतात, तेव्हा हात झाकून काम करा. वाहतं नाक, दूध घटणं आणि गोठ्यात एकामागून एक गाभडणं असं दिसलं तर आयबीआरसारखा (नाक-श्वासनलिकेचा विषाणूजन्य) रोग आहे का हे रक्त तपासूनच कळेल.

आता एक इशारा, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ताप आणि दूध घटणं म्हणजे विषाणूच, असं धरून चालू नका. संकरित गाईंत गोचीड तापाचा, म्हणजे थायलेरियाचा मार मोठा आहे. तो विषाणू नव्हे, रक्तातला परजीवी आहे, आणि त्याला नेमकं औषध आहे. वेळेत दिलं तर गाय वाचते, उशिरा दिलं तर नाही. म्हणून पहिलं इंजेक्शन टोचण्याआधी डॉक्टरांना रक्ताचा नमुना घ्यायला सांगा. काचपट्टीवर रक्ताचा थेंब बघायला फार वेळ लागत नाही. गडद लाल लघवी, घशाखाली सूज आणि घरघर, कासेत कडकपणा, व्याल्यानंतर लगेच बसलेली गाय, या सगळ्यांची कारणं वेगळी आहेत.

गावात डॉक्टर नसतील तर 1962 या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करा. अवघड केस परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेता येते, मात्र लाळ्या किंवा लम्पीची शंका असेल तर जनावर गाडीत घालून नेऊ नका, आधी फोन करून विचारा. साथीच्या रोगाची खबर देणं 2009 च्या केंद्रीय कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे. बाजार बंद होईल या भीतीनं गप्प बसलेलं गाव शेवटी जास्त जनावरं गमावतं.

तिसरं काम: ताप असेपर्यंत पोट चालू ठेवणं

सावली, वारा, स्वच्छ पाणी. पाणी दिवसातून चार-पाच वेळा समोर धरा, कारण तोंडात फोड असलेली गाय हौदापर्यंत जात नाही. ताप जास्त असेल तर डोक्यावर, मानेवर ओलं पोतं. ताप आणि वेदना कमी करणारं इंजेक्शन डॉक्टर देतील, आणि ते दिल्यावर दोन-चार तासांत गाय तोंड उघडते, तेव्हाच तिला खाऊ घालायची वेळ साधा. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, कोणी जुन्या बाटलीतून देत असेल तर नाही म्हणा.

खायला मऊ द्या: कोवळं हिरवं गवत, बारीक कुट्टी करून भिजवलेला मका, ज्वारीची पातळ आंबील, बाजरीची लापशी, त्यात थोडा गूळ आणि मीठ. कोरडा कडबा तोंडातल्या जखमा खरवडतो. पण ‘अशक्त झाली’ म्हणून एकदम पाच किलो भरडा आणि किलोभर गूळ घालू नका. उपाशी कोठीपोटात एवढं पीठ गेलं की आम्ल वाढतं आणि उरलंसुरलं रवंथही बंद पडतं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा.

तिव्यात नळीनं किंवा बाटलीनं तोंडात काही ओतायचं नाही. काढा नाही, तेल नाही, पाणीही नाही. या तापात गाईचं गिळणं लुळं पडलेलं असतं. ओतलेलं फुप्फुसात जातं आणि तिसऱ्या दिवशी बरी होणारी गाय न्युमोनियानं मरते. बसून राहिली असेल तर खाली मऊ माती किंवा भुसकटाचा थर करा आणि दर तीन-चार तासांनी कूस बदला. डॉक्टर कॅल्शियम देतील, ते शिरेतून घरी कोणी देऊ नये.

लाळ्यात तोंड फिकट गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या किंवा तुरटीच्या पाण्यानं दिवसातून दोन-तीनदा धुवा आणि जिभेवर बोरोग्लिसरीन लावा. खुरं धुऊन कोरडी करा, माशी बसू देऊ नका, नाहीतर अळ्या पडतात. लम्पीच्या फुटलेल्या गाठींनाही हीच काळजी.

अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही. जखमांत, फुप्फुसात, कासेत शिरणाऱ्या जिवाणूंसाठी ते दिलं जातं, आणि ते किती दिवस द्यायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं. एक दिवस टोचून बरं वाटलं म्हणून सोडणं हा गावागावातला नेम झालाय, तो मोडायला हवा.

चौथं काम: कास

गाय कितीही आजारी असो, धार चुकवू नका. ‘दोन लिटरच निघतंय, राहू दे’ हे वाक्य पुढच्या पाच महिन्यांचं दूध घालवतं. चार सडांतून जे निघेल ते प्रत्येक वेळी पूर्ण काढा.

क्रम असा: आधी निरोगी गाई, मग संशयित, शेवटी आजारी. जमलं तर आजारी गाईला दुसरा माणूस, नाही जमलं तर हात कोपरापर्यंत साबणानं धुऊन, कपडे बदलून. पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर किंवा कपात घेऊन बघा. गुठळी, पाणी, रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. दूध दिसायला चांगलं असेल तरी आठवड्यातून एकदा सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) ही दुधाची चाचणी करा. लपलेली दगडी त्यातच सापडते.

सडांवर फोड असतील तर कोमट पाण्यानं हळुवार धुवा, स्वच्छ कापडानं टिपा, हाताला थोडं ग्लिसरीन लावून पूर्ण मुठीनं धार काढा. अंगठा मुडपून ओढून काढायची सवय असेल तर या दिवसांत ती सोडा. खपली ओढून काढू नका. सडाचं भोक बंद झालं म्हणून कडुनिंबाची काडी घालणारे अजून आहेत. ती काडी दगडी आत नेते. निर्जंतुक नळी डॉक्टरांकडे असते. पान्हा सोडत नसेल तर कास कोमट कापडानं शेका, समोर तिच्या आवडीचं काही ठेवा, ओरडू नका, मारू नका. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन स्वतःच्या मनानं रोज टोचणं टाळा.

धार झाल्यावर सड आयोडीन-ग्लिसरीनच्या द्रावणात बुडवा आणि गाईसमोर हिरवा चारा टाका, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. धारेनंतर सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. लगेच शेणात बसली की जिवाणूंना वाट मोकळी.

आजारी गाईच्या दुधाचं काय करायचं

लम्पी किंवा लाळ्या झालेल्या गाईचं दूध उकळल्यावर त्यातला विषाणू टिकत नाही. भीती विषाणूची नाही, औषधाची आहे. अँटिबायोटिक चालू असलेल्या गाईचं दूध औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत संकलन केंद्रात घालू नका. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, वाशी, कळंब भागात खव्याच्या भट्ट्या आहेत आणि ‘आटवल्यावर सगळं जातं’ असं मानलं जातं. विषाणू जातो, औषधाचे अंश मात्र उकळून पूर्ण जात नाहीत. रक्त-पू असलेलं दूध खड्ड्यात, चुन्यासह.

पाचवं काम: गोठ्यातली बाकीची जनावरं वाचवणं

लाळ्याचा विषाणू सोड्यानं मरतो. धुण्याचा सोडा लिटरमागे 40 ग्रॅम घेऊन गव्हाणी, फरशी, भांडी, पायताणं धुवा. लम्पीसाठी 2 ते 3 टक्के सोडियम हायपोक्लोराइट किंवा 2 टक्के फिनॉल. आजारी गाईचा उरलेला चारा दुसऱ्या जनावरापुढे टाकू नका. दूध न्यायला येणारा, भाकड गाय बघायला आलेला व्यापारी, पाहुणे, सगळ्यांना गोठ्याबाहेर थांबवा.

माश्यांचा बंदोबस्त संध्याकाळच्या कडुनिंबाच्या धुरावर थांबवू नका. उकिरडा गोठ्यापासून लांब, मुताची नाली वाहती, भिंतीच्या भेगा लिंपलेल्या, कारण गोचीड जनावरावर कमी आणि भेगांत जास्त असतात. गोचीडनाशक डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच.

लसीकरण, आणि ऊसतोडीचा हंगाम

लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, सहा महिन्यांच्या अंतरानं. वासराला चार महिन्यांचं झाल्यावर पहिली, महिन्यानं दुसरी. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत टोचली जाते, आणि त्यासाठी कानात 12 अंकी बिल्ला असावा लागतो. लम्पीची लस वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी. तिव्यासाठी आपल्याकडे लस मिळत नाही, तिथे डास-चिलटांचा बंदोबस्त एवढाच उपाय. लस टोचल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताकद येते. शेजारच्या गावात साथ आल्यावर धावपळ करून घेतलेली लस आधीच लागण झालेल्या जनावराला वाचवत नाही.

लस घेतल्यावर दूध घटतं म्हणून अनेक जण पथक आलं की जनावरं शेतात नेऊन बांधतात. घटतं, हे खरं आहे. दोन-चार दिवस थोडं घटतं आणि परत येतं. वरच्या हिशेबातल्या 450 लिटरशी याची तुलना करा. लस सकाळच्या थंड वेळेला, ताप नसलेल्या जनावराला टोचा. लस बर्फाच्या पेटीतून काढली का हे बघा, तो तुमचा हक्क आहे. शेवटच्या महिन्यांतली गाभण गाय असेल तर ते आधी सांगा.

मराठवाड्यात लसीचं वेळापत्रक ऊसतोडीशी जोडायला हवं. बीड, जालना, परभणीकडची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास बैल घेऊन कारखान्यावर जातात. तिथे अनेक गावांची जनावरं एका तळावर बांधली जातात. मार्च-एप्रिलमध्ये तेच बैल परत येऊन घरच्या गाईच्या दावणीला उभे राहतात. निघण्याच्या महिनाभर आधी बैलांना लस द्या आणि परतल्यावर किमान तीन, जमल्यास चार आठवडे गाईपासून लांब, वेगळ्या पाण्यावर बांधा. घरी म्हातारी माणसंच असतील तर ही बांधाबांध जाण्याआधीच ठरवून ठेवावी. हाळी हंडरगुळीच्या बाजारातून किंवा माळेगावच्या यात्रेतून आणलेल्या जनावराला हाच नियम. 2012-13 आणि 2018-19 सारखा दुष्काळ पडून छावणी उघडली, तर छावणीत जाण्याआधी लस झालेली असावी.

देवणी, लाल कंधारी काटक आहेत म्हणून लस सोडू नका. 2022 मध्ये राज्यात लम्पीनं देशी जनावरंही मोठ्या संख्येनं नेली.

ताप उतरल्यावर दोन महिने

चारा-आंबोण हळूहळू, आठ-दहा दिवसांत पूर्ववत आणा. त्यानंतर एक सवय बदला. आज जेवढं दूध देते त्या हिशेबानं आंबोण घालण्याऐवजी, काही आठवडे आजाराआधीच्या दुधाच्या जवळ जाणारं आंबोण घाला. पोषणासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटरला एक किलो, असं साधारण माप. दोन-तीन आठवड्यांत दूध हललं नाही तर मग कमी करा. खनिज मिश्रण रोज 50 ग्रॅम. मुरघास असेल तर आता काढा.

माजावर आली म्हणून लगेच भरवू नका. एक नीट, स्वच्छ माज जाऊ द्या, अंग भरू द्या. गाभण असेल तर गर्भ राहिला का हे तपासून घ्या.

लाळ्यातून उठलेल्या काही गाई पुढच्या उन्हाळ्यात धापा टाकतात. अंगावर केस दाट आणि लांब वाढतात, ऊन सोसत नाही. मराठवाड्यात पारा चाळिशीपार गेला की अशी गाय दिवसभर जीभ बाहेर काढून उभी असते आणि दूध पुन्हा घसरतं. तिला दाट सावली, दुपारी अंगावर पाणी, चारा पहाटे आणि रात्री, आणि केस कातरून द्या.

वेत संपत आलेल्या गाईचं दूध परत आलं नाही तर तिच्याशी झगडू नका. गाभण असेल तर विण्याआधी 60 दिवस आटवा. आटवताना चारही सड सीएमटीनं तपासून डॉक्टरांकडून सडात औषध भरून घ्या. कास निरोगी राहिली असेल तर पुढच्या वेताला ती पुन्हा भरते.